कानस न लागलेला जिना

गोल जिन्यांच्या कारखान्यात एक गृहस्थ होते, त्यांना सगळे कोनराव म्हणत. खरे नाव पगाराच्या कागदावर होते आणि ते तिथेच सुखाने नांदत होते. दार अर्धवट उघडे दिसले तर ‘हे तीस अंशांवर कोणी ठेवलं?’ असे विचारणाऱ्या माणसाला दुसरे काय म्हणणार? स्वभावाने वाईट नव्हते. फक्त आपले ते सोने, असा त्यांचा खाक्या होता, आणि त्याला थोडेफार कारणही होते. कारखान्याचा प्रोग्राम त्यांनी एकट्याने लिहिला होता आणि वीसेक वर्षे तो बिनतक्रार चालला होता.

गोल जिन्यात मधोमध खांब असतो, त्याच्याभोवती पायऱ्या आणि बाहेरच्या कडेला कठडा. कठड्याची नळी रोलरवर वाकवतात, तिला गणित लागत नाही. पायऱ्यांना लागते. हा कारखाना एका फेऱ्याच्या सगळ्या पायऱ्या एकाच मोठ्या पत्र्यातून कापत असे, गोल केकचे तुकडे करावेत तशा. कापण्याआधी प्रत्येक पायरीच्या बाहेरच्या टोकाला एक भोक पाडायचे. त्या भोकात कठड्याचा गज उभा राहतो. आता माणूस म्हणतो, ‘वळत वळत इतक्या अंशांवर भोक पाड.’ भोक पाडणाऱ्या यंत्राला अंश कळत नाहीत. त्याला फक्त एवढेच कळते, की मधल्या बिंदूपासून इतके उजवीकडे जा आणि इतके वर जा. अंशांचे उजवीकडे आणि वर करून देणारी जी दोन माणसे गणितात आहेत, त्यांची नावे साइन आणि कोसाइन.

कोनराव कामाला लागले तेव्हाच्या संगणकाच्या भाषेत ही दोघेही नव्हती. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, बस. तेव्हा कोनरावांनी ती स्वतः घडवली. साइन काढायची एक साखळी असते: कोन घ्यायचा, त्यातून त्याच्या घनाचा ठरावीक भाग वजा करायचा, मग पाचव्या घाताचा त्याहून लहान भाग मिळवायचा, मग सातव्याचा आणखी लहान भाग वजा करायचा. ही साखळी संपत नाही. कुठेतरी आपणच थांबायचे असते. यंत्र इतके मंद होते, की चौथे पद घातले तर एका पत्र्याला सबंध दुपार जाई. कोनराव तिसऱ्या पदावर थांबले. तीस अंशांवर तपासले, बरोबर. पंचेचाळीसवर तपासले, बरोबर. नव्वदचे साइन एक असते हे सगळ्या जगाला माहीत आहे, म्हणून नव्वद त्यांनी मोजायलाच लावले नाही. नव्वद आले तर सरळ एक लिही, असे प्रोग्रामला सांगून टाकले. कोसाइन त्यांनी अर्ध्या कोनाच्या साइनवरूनच काढले. वर्गमूळही घरीच केले.

त्या प्रोग्रामवर निघालेला पहिला जिना नमुन्याचा होता. तो विकायचा नव्हता, म्हणून तेव्हाच्या मालकांनी तो कोनरावांना घरी गच्चीवर जायला देऊन टाकला. कोनरावांच्या बायकोचा धाकटा भाऊ कारखान्यात फिटर होता. त्यानेच तो बसवला. मालक स्वतः बघायला आले होते, बायको पदर खोचून अंगणात उभी होती, शेजारीपाजारी जमले होते. कठडा प्रत्येक गजावर असा बसला की मालकांनी कोनरावांची पाठ थोपटली. त्या दिवसापासून घरी कोणीही आले, की चहाच्या आधी कोनराव त्याला जिन्यापाशी नेत आणि म्हणत, ‘ह्याला कुठं कानस लागलेली नाही. भोक पाडलं, गज घातला, नट आवळला. गणित पक्कं असलं की लोखंडाला घासावं लागत नाही.’ मेहुणा हजर असला तर मान डोलवायचा. मेहुणा मुळातच कमी बोलणारा. एक शब्द विचारला तर अर्धा देणारा माणूस.

पुढे यंत्रे बदलली. नव्या भाषांत साइन, कोसाइन, वर्गमूळ, घात, पूर्णांक करणे असे सगळे आयतेच मिळू लागले. नाव लिहा, कंसात आकडा द्या, उत्तर हजर. कोनरावांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. घर बदलताना जुनी लोखंडी कढई जशी पुढे पुढे नेतात, तशी त्यांनी आपली फंक्शने एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेली. यंत्रे वेगवान झाली, तरी साखळी तिसऱ्या पदावरच थांबत राहिली. ‘आयत्याचं आपल्याला वावडं आहे,’ असे ते म्हणत. ‘आत काय शिजतंय ते दिसत नाही, ते माझ्या पत्र्याच्या जवळ यायचं नाही.’ ह्यात तत्त्व किती होते आणि हट्ट किती, हे सांगणे कठीण आहे. तत्त्व आणि हट्ट एकाच ताटात जेवत असतील तर कोणाचा घास कोणता हे बाहेरून कळत नाही.

मालक वारले आणि त्यांची मुलगी कारखाना पाहू लागली. तिला सगळे बाई म्हणत. बाईंना कोनरावांचा प्रोग्राम उघडून पाहिल्यावर घेरी आली. त्यांचा प्रश्न साधा होता: उद्या कोनराव निवृत्त झाले तर हे वाचणार कोण? म्हणून त्यांनी एक प्रोग्रामर मुलगी तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवली. कारखान्यात तिच्यानंतर कोणी नवीन आले नाही, त्यामुळे तिचे नाव नवीच पडले. बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितले, की नवी नवा प्रोग्राम लिहील, आणि पुढचा एक जिना त्याच्यावर निघेल. तो चांगला निघाला तर नवी कायम आणि जुना प्रोग्राम बंद. त्यात काही वाकडे झाले तर जुनेच चालू राहील.

‘आणि मी?’ नवीने विचारले.

‘मग तुला दुसरीकडं बघावं लागेल. दोन पगार मला परवडत नाहीत,’ बाई म्हणाल्या. बाईंचे बोलणे असे रोखठोक असे.

नवी एका खोलीत भाड्याने राहत होती, धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा भार तिच्यावर होता, आणि आधीची नोकरी सोडून ती इथे आली होती. हे तिने कोणाला सांगितले नव्हते, पण अशा गोष्टी कारखान्यात चहाबरोबर फिरतात. कोनरावांच्याही कानावर आल्या. त्यांना वाईट वाटले नाही असे नाही. पण जुना प्रोग्राम बंद, हे तीन शब्द त्यांना जास्त टोचत होते.

नवीने भाषेतली आयती फंक्शने वापरून काम सुरू केले. पहिल्याच दिवशी तिने पडद्यावर जिन्याचा आराखडा काढला, तर पायऱ्या हातातून पत्ते सांडावेत तशा सगळीकडे पसरलेल्या. कोनराव मागे उभेच होते.

‘हा जिना कुठं जातो म्हणायचा?’ त्यांनी विचारले.

नवीने जीभ चावली. ‘काका, हे साइन अंश घेत नाही. रेडियन घेतं, ते कोनाचं वेगळं माप. मी तसेच अंश दिले.’

‘बघ. आयत्याचं असंच असतं. आपल्या सोयीनं चालत नाही, त्याच्या सोयीनं आपण चालायचं.’

‘अंशांचे रेडियन करायलाही ह्यात फंक्शन आहे,’ असे म्हणत तिने एक ओळ बदलली. पायऱ्या मुकाट्याने आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. कोनरावांना ते फारसे आवडले नाही.

पण मुलगी कामाला चोख होती. तिने जुने साइन आणि नवे साइन शेजारी शेजारी चालवून पाहिले. तीसला सारखे. पंचेचाळीसला सारखे. नव्वदला दोन्हीकडे एक. साठला मात्र ती थबकली.

‘काका, साठला थोडा फरक येतोय. मीटरला पाव मिलीमीटर.’

‘पाव मिलीमीटर!’ कोनराव हसले. ‘अगं, आमच्या रंगाचा थर त्यापेक्षा जाड असतो. भोकात एवढी सूट आपण मुद्दाम ठेवतो.’

हे खरेच होते. त्यामुळे दोघेही तिथेच थांबले. साठ आणि नव्वद ह्यांच्या मध्ये काय होते ते पाहावे, असे दोघांनाही वाटले नाही. दोन्ही टोके तपासली की मधले आपोआप बरोबर असते, असे शिकलेल्या माणसांना वाटत असते.

नव्या प्रोग्रामवरचा पहिला जिना दातांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेला. खाली वाट पाहायची खोली, वर दात काढायची. मेहुण्याने जिना बसवला, बाईंनी फोनवर फोटो पाहिला, नवीने दोन महिन्यांत पहिल्यांदा वेळेवर डबा खाल्ला. आठवडा गेला आणि दवाखान्यातून फोन आला. कठडा हलत होता.

‘आमचे पेशंट आधीच थरथरत वर येतात,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘त्यात तुमचा कठडाही थरथरायला लागला तर मी काय करायचं?’

बाईंनी फोन ठेवला आणि नवीकडे पाहिले. नवी जागेवर जाऊन बसली आणि तोच तोच प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचू लागली. तिला त्यात काही सापडेना. चूक सापडली असती तर बरे, असे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. न सापडणाऱ्या चुकीची समजूत कशी घालायची?

‘मी जाऊन बघतो,’ कोनराव म्हणाले. आवाज गंभीर होता. पण ते दवाखान्याकडे निघाले तेव्हा त्यांची चाल गेल्या दोन महिन्यांत नव्हती इतकी हलकी होती. माणसाला आपले म्हणणे खरे ठरल्याचा आनंद होतो, आणि त्या आनंदाखाली कोणाची नोकरी सापडली आहे हे त्याला वाकून पाहावेसे वाटत नाही. कोनराव ह्या बाबतीत चारचौघांसारखेच होते.

दवाखान्यात त्यांनी कठडा धरून हलवला. खालपासून तो घट्ट होता. पाव वळणाच्या, म्हणजे नव्वद अंशांच्या, अलीकडच्या पायरीपाशी हलत होता, पलीकडच्या पायरीपाशी हलत होता, पुढे वरपर्यंत पुन्हा घट्ट; जिना पाऊण वळणाच्या आतच संपत होता. त्यांनी खिशातून पाना काढला, गुडघ्यावर बसून नट सोडला आणि गज वर उचलला. भोकातून पत्र्याची एक बारीक पट्टी टपकन खाली पायरीवर पडली. वाट पाहणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गालावरचा रुमाल काढून ती निरखून पाहिली.

कोनरावांनी भोकात बोट घातले. भोक गोल नव्हते. आतल्या बाजूला ते लांबट झाले होते, काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढे, आणि कडेला कानशीचे ताजे ओरखडे होते. ड्रिल कधी लांबट भोक पाडत नाही. कोणीतरी ते हाताने घासले होते आणि बाहेरच्या फटीत पट्टी ठोकून गज आत सारला होता. पलीकडच्या पायरीलाही तेच. बाकीची भोके गोल, स्वच्छ, जिथल्या तिथे.

जिना ज्याने बसवला तो मेहुणा. म्हणजे मेहुण्याने दाजींसाठी नव्या मुलीचा जिना मुद्दाम बिघडवला. दुसरा अर्थ कोनरावांना सुचला नाही. त्यांना संताप आला, आणि त्या संतापातही कुठेतरी बरे वाटले, की घरचा माणूस आपल्यासाठी इतके करतो. मग त्या बरे वाटण्याची त्यांना लाज वाटली. पट्टी खिशात घालून ते कारखान्यात परतले.

मेहुणा मागच्या आवारात एका पायरीला रंगाचा हात देत होता.

‘हे काय केलंस?’ कोनरावांनी पट्टी पुढे धरली.

मेहुण्याने पट्टी पाहिली. ‘पडली होय? त्या दिवशी कठडा जरा आढेवेढे घेत होता खरा.’

‘घासलंस कशाला?’

‘नेहमीसारखंच घासलं, दाजी.’

‘नेहमीसारखं म्हणजे?’

मेहुण्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. आपण काय बोलून गेलो हे त्याच्या आता लक्षात आले होते, पण बोललेले मागे घेता येत नव्हते. ‘पाव वळणाच्या अलीकडची आणि पलीकडची,’ तो म्हणाला. ‘पाऊण वळणाच्याही तशाच दोन. प्रत्येक फेऱ्यात. ती भोकं थोडी बाहेर पडतात. इथंच कानस मारतो, पट्टी ठोकतो, वरून रंग लावतो. गिऱ्हाइकाकडं गेल्यावर काही करावं लागत नाही.’

‘कधीपासून?’

‘पहिल्यापासून.’

‘पहिल्यापासून म्हणजे कुठल्या जिन्यापासून?’

‘तुमच्या घरच्या.’

आवारात कोणी पत्रा कापत होते, त्याचा आवाज थांबेपर्यंत कोनराव हातातली पट्टी उलटसुलट करत राहिले.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘सांगणार होतो,’ मेहुणा म्हणाला. ‘मालक उभे, ताई उभी, सगळी गल्ली उभी. तुम्ही आठवडाभर सांगत होता, कानस लागणार नाही म्हणून. कठडा काही बसेना. कानस माझ्या खिशातच होती. सगळे चहाला आत गेले तेवढ्यात मारली.’

‘नंतर?’

‘नंतर तुम्ही लोकांना सांगायला लागलात. मग तोंड कुठं होतं मला?’ पुन्हा ब्रश उचलत तो म्हणाला, ‘मला वाटलं, तसंच असतं जिन्यांचं. चार भोकं घासायची म्हणजे काय मोठं काम आहे.’

कोनराव तिथून निघून आपल्या टेबलापाशी गेले. एका फेऱ्यात पायऱ्या किती आणि कोणती कोणत्या अंशावर हे त्यांना तोंडपाठ होते. पाव वळणाच्या अलीकडची पायरी एक्क्याऐंशीवर येते. त्यांनी आपल्या साइनला एक्क्याऐंशी दिले. मग भाषेतल्या आयत्या साइनला एक्क्याऐंशी दिले. ते त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिले, आणि नवीला हसले होते तरी अंशांचे रेडियन करायला विसरलेच. पुन्हा लिहिले. दोन उत्तरांत मीटरला दोन मिलीमीटरहून थोडा जास्त फरक होता. काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढा.

मग त्यांनी एकोणनव्वद दिले. त्यांच्या साइनने उत्तर दिले एक आणि वर थोडे.

साइन एकाच्या वर कधीच जात नाही. शाळेत हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. नव्वदला त्यांनी स्वतःच एक लिहून ठेवले होते, म्हणून तिथे सगळे झाकले गेले होते. त्याच्या एकच अंश अलीकडे त्यांचे गणित इतकी वर्षे जगाच्या बाहेर पाऊल टाकून उभे होते, आणि दर वेळी कोणीतरी त्याला कानशीने आत ओढून घेत होते. कोनराव पडद्याकडे पाहत बसले. त्यांना मेहुण्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि न आल्यामुळे त्यांना जास्त त्रास झाला.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी कपडेही बदलले नाहीत. पाना घेऊन ते जिन्यावर बसले आणि पाव वळणाच्या पायरीचा नट सोडू लागले. रंगाचे इतके थर बसले होते, की नट निघता निघेना. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

‘काय करताय हे?’

‘भोक बघतोय.’

‘घासलेलंच आहे ते,’ बायको म्हणाली. ‘मला माहीत आहे.’

कोनरावांचा हात थांबला. ‘तुला कोणी सांगितलं?’

‘त्यानंच. त्याच दिवशी. घाबरला होता, दाजी चिडतील म्हणून.’

‘आणि इतकी वर्षं मी लोकांना इथं आणून दाखवतोय, तेव्हा तू तिथं उभी असायचीस.’

‘मग काय करायचं? पाहुण्यांसमोर सांगायचं?’ ती म्हणाली. ‘कठडा कधी हलला का? नाही ना? मी रोज कपडे घेऊन वर जाते, त्याला धरूनच जाते. मला तेवढं पुरे.’

‘पोरांना माहीत आहे?’

बायको पदराला हात पुसू लागली, त्यातच उत्तर आले. कोनरावांनी नट पुन्हा आवळला. घरातली सगळी माणसे आपल्याला सांभाळून घेत होती, आणि आपण मात्र गणित सांभाळत होतो, असे काहीसे त्यांच्या मनात आले. ते जेवले नाहीत. बायकोनेही फार आग्रह केला नाही.

सकाळी बाईंच्या खोलीत नवी उभी होती. डोळे सुजले होते. समोर तिचाच प्रोग्राम कागदावर छापून ठेवला होता, त्यावर पेनाच्या खुणाच खुणा. मेहुण्याला कोनरावांनी दारातूनच बरोबर घेतले होते. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

ह्या क्षणी कोनराव काहीच बोलले नसते तरी चालले असते. कठडा हलतो एवढे बाईंना माहीत होते. नवी गेली असती, जुना प्रोग्राम परत आला असता, मेहुण्याने मुकाट्याने कानस चालू ठेवली असती. निवृत्तीपर्यंत सगळे सुरळीत. हे सगळे त्यांच्या डोक्यात येऊन गेले. ते साधू नव्हते.

‘हिच्या प्रोग्राममध्ये चूक नाही,’ ते म्हणाले. ‘आयतं साइन बरोबर आहे. माझं चुकलेलं आहे. पहिल्यापासून.’

बाईंनी चष्मा काढला. कोनरावांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि सगळे सांगितले: तिसरे पद, एक्क्याऐंशी, एकोणनव्वद, पाव वळण, कानस. सांगताना त्यांनी स्वतःला सूट दिली नाही आणि फार कोसलेही नाही. हिशेब सांगावा तसे सांगितले.

‘म्हणजे बाबांच्या काळापासून आपण चुकीचे जिने विकतोय?’ बाई म्हणाल्या.

‘नाही. पायऱ्या चुकीच्या निघत होत्या. जिने बरोबर आहेत. ते ह्यानं बरोबर केले.’

बाई मेहुण्याकडे वळल्या. ‘आणि दवाखान्यातला? तो तर ह्यानंच बिघडवला.’

‘तोही माझ्याच खात्यावर,’ कोनराव म्हणाले. ‘प्रोग्राम बदलतोय हे आम्ही तुम्हाला सांगितलं, हिला सांगितलं, ड्रिल चालवणाऱ्याला सांगितलं. फिटरला सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. साइनशी त्याचा काय संबंध, असं वाटलं आम्हाला.’

मेहुणा जमिनीकडे पाहत होता. बाईंनी पट्टी उचलून बोटांत फिरवली. त्या चिडल्या होत्या, पण नेमके कोणावर चिडायचे ते त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी नवीचे कागद गोळा करून तिच्या हातात दिले आणि म्हणाल्या, ‘दवाखान्याच्या दोन पायऱ्या नव्यानं काढ. आजच.’ मग दारापर्यंत गेलेल्या नवीला त्यांनी परत हाक मारली आणि सांगितले, की पुढच्या महिन्यापासून ती कायम. नवी तिथेच रडली. कोनराव खिडकीबाहेर बघू लागले, कारण रडणाऱ्या माणसासमोर काय करायचे ह्याचे फंक्शन त्यांच्यापाशी नव्हते.

दुपारी नवी त्यांच्या टेबलापाशी आली. ‘काका, तुमची जुनी फंक्शनं बाजूला जपून ठेवू का?’

‘कशाला?’

‘तुमचं वर्गमूळ बरोबर आहे. मी हजार आकड्यांवर तपासलं. शेवटच्या अंकापर्यंत जुळतं.’

‘मधले आकडे पण घेतलेस का?’

‘मधलेच घेतले.’

कोनरावांना ते ऐकून जे वाटले ते त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिले नाही. साइन त्यांनी स्वतः पुसले. कोसाइन पुसले. वर्गमुळापाशी थोडे थांबले. मग तेही पुसले. आयते होते ना, मग बरोबर असले तरी दुसरे कशाला?

त्यानंतर कारखान्यात एक नवीच पद्धत पडली. पायऱ्या कापून आवारात आल्या, की मेहुणा पाव वळणाची पायरी हातात घेऊन कोनरावांच्या दाराशी येई.

‘दाजी, हिला कानस लावू?’

‘नको. बरोबर आहे.’

मेहुणा भोकात बोट फिरवून पाही, मान डोलवी आणि जाई. पुढच्या जिन्याच्या वेळी पुन्हा येई. बाईंनी एकदा कोनरावांना विचारले, की एकदाच काय ते सांगून टाकत का नाही? कोनराव म्हणाले, ‘येऊ दे त्याला.’

नवीला कायम झाल्याचा कागद मिळाला त्या आठवड्यात कोनरावांच्या बायकोने तिला घरी चहाला बोलावले. मेहुणाही आला होता. नवी आत शिरली आणि समोरच जिना पाहून थांबली.

‘हाच का तो पहिला?’ तिने विचारले.

बायकोने कपबशा ठेवायच्या निमित्ताने पाठ वळवली. मेहुणा सवयीने मान डोलवायच्या तयारीत बसला. चहाच्या आधी दाजी काय म्हणतात, हे त्याला पाठ होते.

कोनराव उठले आणि नवीला जिन्यापाशी घेऊन गेले. पाव वळणाच्या पायरीवर हात ठेवून म्हणाले, ‘हे भोक माझं चुकलं होतं. इथं ह्यानं कानस मारली. म्हणून हा उभा आहे.’

नवी कठडा धरून वर गच्चीपर्यंत गेली आणि खाली आली. कठडा कुठेच हलला नाही. मेहुण्याने कप तोंडाला लावला होता, तो बराच वेळ तसाच लावलेला राहिला. बायकोने त्याच्या हातातून तो काढून घेतला, पाहिले तर रिकामा होता, आणि तिने त्यात पुन्हा चहा ओतला.